अडवा, पण किती दिवस?

२०२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचं केंद्र सरकार बंद पडलं तेव्हा आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज मिरजेच्या वकिलाचा, "महासत्तेचं दिवाळं वाजलं काय रे?" त्यावर सगळ्यांचे दात काढणारे इमोजी. फक्त एकजण गप्प. त्याचा पोरगा डॅलसला आहे, पोराच्या कंपनीनं ग्रीन कार्डाच्या पहिल्या टप्प्याचा अर्ज लेबर डिपार्टमेंटकडं टाकायचा म्हणून सगळी कागदं तयार ठेवलेली आणि नेमकं तिकडं त्या कामाचं ऑफिसच बंद, पोर्टलसुद्धा बंद. दोन दिवसांनी त्याचा व्हॉइस मेसेज आला, आवाजात वैताग, की मला कुणीतरी समजावून सांगा, सिनेटमध्ये, म्हणजे त्यांच्या संसदेच्या वरच्या सभागृहात, सत्ताधाऱ्यांचे ५३ आणि समोरचे ४७, मग ह्या ५३ जणांना साधा खर्च मंजूर करता येईना म्हणजे काय, आमच्या गावच्या विकास सोसायटीत सातास सहा झालं की विषय संपतोय.

तिथनं सिनेटातल्या फिलिबस्टर नावाच्या अडवणुकीवर जो वाद पेटला तो दिवाळीचा फराळ संपला तरी चालूच. मी विश्रामबागला एका ऑडिटरच्या ऑफिसात काम करतो, म्हणजे आकडे तपासणं आणि लोकांच्या सभांना जाऊन कडेला बसणं ह्यातच निम्मी जिंदगी गेली, त्यामुळं ह्या वादात मी जरा जास्तच उतरलो आणि ग्रुपवर जे अर्धवट टाइप केलं ते इथं सविस्तर लिहितोय.

तर आधी ते फिलिबस्टर काय असतंय ते. सिनेटमध्ये १०० लोक. विधेयक पास व्हायला साधं बहुमत पुरतं, पण विधेयक मताला टाकायच्या आधी चर्चा थांबवावी लागते, आणि गोम तिथंच आहे, चर्चा थांबवायला ६० मतं लागतात. ६० जमेनात तर कागदोपत्री चर्चा चालूच राहते आणि विधेयक लोंबकळत पडतं. म्हणजे विरोधात मत देऊन कुणी हरवत नाही, मतच होऊ देत नाहीत. ४१ जण एकत्र राहिले की बास.

हे त्यांच्या राज्यघटनेत कुठं लिहिलेलं नाही बरं का. १८०६ साली सिनेटनं आपली नियमावली साफसूफ केली, त्यात 'आता चर्चा पुरे, मत घ्या' ह्याला जागा देणारा जुना नियम वापरात नाही म्हणून काढून टाकला. आरन बर नावाचे उपराष्ट्राध्यक्ष होते, पद सोडताना तेच सुचवून गेलेले. ह्यातनं पुढं काय निघेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग १९१७ ला जर्मन पाणबुड्यांच्या भीतीनं व्यापारी जहाजांवर तोफा बसवायचं विधेयक आलं ते मूठभर सिनेटरांनी अधिवेशन संपेपर्यंत बोलत राहून मारलं, राष्ट्राध्यक्ष विल्सन भडकले, आणि तेव्हा कुठं नियम आला की दोन तृतीयांश लोक म्हणाले तर चर्चा बंद करता येईल. १९७५ ला ते तीन पंचमांशावर आणलं. ते हे ६०.

पण खरी मेख त्याच्या थोडी आधीची आहे. पूर्वी कुणी अडवायला उभा राहिला की अख्खं सिनेट ठप्प व्हायचं, दुसरं काही कामच नाही, त्यामुळं अडवणाऱ्यालाही जागावं लागायचं, उभं राहावं लागायचं, आणि लोकांना दिसायचं की हा बाबा काम बंद पाडतोय. १९७० च्या सुरुवातीला माइक मॅन्सफील्ड हे बहुमतवाल्यांचे नेते होते, त्यांनी सोय काढली की अडलेलं विधेयक एका रुळावर बाजूला उभं करायचं आणि दुसऱ्या रुळावर बाकीचं काम चालू ठेवायचं. दिसायला किती शहाणपणाचं. पण झालं काय, अडवणं फुकट झालं. आता कुणी रात्रभर बोलत नाही, नुसतं 'आम्ही आडवे येणार' एवढं कळवलं की पुरतं, तो सिनेटर तोवर घरी जाऊन जेवून झोपू शकतो. २०२५ च्या त्या बंदमध्येसुद्धा तेच, एकच खर्चाचं विधेयक डझनभरापेक्षा जास्त वेळा मताला लावलं आणि दर वेळी ६० च्या अलीकडंच. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात समोरच्यांतले काहीजण फुटले, ६० झाले, आणि ४३ दिवसांनी सरकार उघडलं. (विरोधकांची मागणी आरोग्य विम्याच्या सबसिडीची होती, ती काही त्या सौद्यात मिळाली नाही.)

आता आमच्याकडची एकदम उलटी तऱ्हा बघा.

सप्टेंबर म्हणजे आमच्या भागात वार्षिक सर्वसाधारण सभांचा सीझन. ३० तारखेच्या आत उरकायच्या असतात, त्यामुळं बँका, पतसंस्था, दूध संघ, कारखाने, सगळ्यांचे मांडव एकदमच. एका साखर कारखान्याची सभा सांगतो, नाव कशाला घ्या. सभा अकराला, पण पुढच्या सगळ्या ओळी नऊलाच भरलेल्या, कोण बसलंय बघितलं तर निम्मे कारखान्याचेच कामगार, घरच्या कुणाचा तरी शेअर आहे म्हणून सभासद. खरा ऊसवाला शेतकरी मागं, मांडवाच्या कडेला, हातात अहवाल गुंडाळून. एमडी माईकवर आले, "विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून..." वाक्य पुरं व्हायच्या आत पुढनं "मंजूऽऽर!" विषय दोन, "मंजूऽऽर!" डिस्टिलरीच्या विस्तारासाठी कर्ज उचलायचा विषय, ज्याच्यावर खरं तर दिवसभर बोलायला पाहिजे, तोही "मंजूर!" मागनं ओरडतायत नामंजूर, नामंजूर, माईक द्या, काट्याचं काय झालं, उताऱ्याचं बोला, आणि माईकवाला पोरगा बिचारा स्टेजकडं बघतोय देऊ का नको म्हणून. आणि मग हुकमी पत्ता. राष्ट्रगीत लावलं. राष्ट्रगीत लागल्यावर काय बिशाद आहे कुणाची बोलायची, भांडणारे सगळे जागच्या जागी सरळ उभे, संपलं की आभार, चला जेवायला. बाहेर गेटवर विरोधी गटाची समांतर सभा, तिथं सगळेच विषय नामंजूर. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन बातम्या, 'खेळीमेळीत संपन्न' आणि 'सभासदांचा आवाज दाबला'.

हे ज्यानं दरवर्षी बघितलंय त्याला अमेरिकेतलं ते ६० मतांचं लफडं ऐकून पहिल्या झटक्यात भारीच वाटणार. मला वाटलं. बहुमत आहे म्हणून रेटता येत नाही, थांबावं लागतं, समोरच्याला विचारावं लागतं, हे आपल्याला माहीतच नाही.

एकदाच असं बघितलंय, ते एका छोट्या संस्थेच्या सभेत. एक आबा होते, सत्तरीचे, डोक्याला टोपी, कानाला पेन्सिल, अहवालाचं पान दुमडून आणलेलं. म्हणाले मागल्या साली खातं होतं 'वाहतूक व इतर', औंदा 'इतर' वेगळं काढलंय, चांगली गोष्ट आहे, पण मग 'वाहतूक' कमी व्हायला पाहिजे होती की वो, ती तर हाय तेवढीच हाय, तर हे 'इतर' आलं कुठनं? चेअरमन म्हणाले, आबा, लेखी प्रश्न आठ दिवस आधी द्यायचा असतो. आबांनी बंडीच्या खिशातनं पोच काढली. सही-शिक्क्याची. मग काय बोलता. आबा एकेक ओळ वाचत गेले, मध्ये पाणी प्यायले, मध्ये कुणाला तरी "बस रे लेका खाली" म्हणाले, पुढनं 'मंजूर मंजूर' सुरू झालं की थांबायचे, ते संपलं की "हां, तर पान चौतीस" म्हणून परत सुरू. जेवणाची वेळ टळून गेली तरी लोक उठले नाहीत. शेवटी तो विषय 'पुढील सभेकडे वर्ग' झाला. आम्ही स्टेजच्या कडेला बसलेलो, आमच्या साहेबांनी माझ्याकडं न बघताच सांगितलं, उद्या सकाळी ती व्हाउचरं परत काढ.

म्हणून ग्रुपवर माझं पहिलं मत असं पडलं की फिलिबस्टर ठेवा, पण पूर्वीसारखं करा. अडवायचंय ना, मग उभं राहा आणि बोला. झोप आली तर अडवणूक संपली. अमेरिकेत ह्या सुधारणेच्या मागं लागलेले लोक आहेतच, ओरेगॉनचे सिनेटर जेफ मर्कली कितीतरी वर्षं हेच म्हणतायत. दुसरी एक सूचना मला अजून आवडते. आज ६० जमवायचं ओझं चर्चा संपवणाऱ्यावर आहे, अडवणारा हजरसुद्धा नसला तरी त्याचा फायदाच होतो, तर ते उलटं करा, अडवणाऱ्यांनी ४१ माणसं सभागृहात आणून दाखवायची, रात्री दोनला मत लावलं तर रात्री दोनला. फुकटची अडवणूक बंद.

ह्याच्यावर वकिलानं लिहिलं, "तुझ्या आबांच्या जागी स्ट्रॉम थर्मंड ठेव आणि मग सांग."

आता हा मुद्दा काही असातसा नाही. १९५७ ला साउथ कॅरोलायनाचे हे थर्मंड २४ तास १८ मिनिटं सलग बोलले, कशाविरुद्ध तर काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्काच्या कायद्याविरुद्ध. (त्यांचं भाषण संपल्यावर थोड्याच वेळात तो कायदा ६० विरुद्ध १५ नं पास झाला, म्हणजे पठ्ठ्यानं एवढं करून काही अडलं नाही.) १९६४ चा मोठा नागरी हक्क कायदा मात्र दक्षिणेकडच्या सिनेटरांनी पाळ्या लावून कामकाजाचे जवळपास ६० दिवस रोखून धरला, शेवटी ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद करावी लागली. आणि सगळ्यात वाईट ते लिंचिंगचं. झुंडीनं माणूस मारणं हा केंद्राचा गुन्हा ठरवणारं विधेयक १९२२ च्या जानेवारीत खालच्या सभागृहात पास झालेलं, सिनेटमध्ये फिलिबस्टरनं मेलं. पुढं परत परत प्रयत्न, परत परत तेच. तो कायदा झाला कधी, तर मार्च २०२२ मध्ये. शंभर वर्षं. आणि हे सगळे उभं राहून बोलणारे होते हां, मेहनत करणारे, घाम गाळणारे. त्यामुळं उभं राहिलं म्हणजे पुण्य लागतं असं काही नाही.

दुसरा हिशेब वकिलानं नाही, मीच काढला, कारण आकडे म्हटलं की हात शिवशिवतात. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा, राज्य केवढंही असो. २०२० च्या जनगणनेत वायोमिंगची लोकसंख्या ५ लाख ७७ हजाराच्या आसपास. आपलं सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचं गाव २०११ च्या जनगणनेत ५ लाखांच्या वर होतं. म्हणजे संजयनगर ते मिरज स्टेशन एवढ्या वस्तीला दोन सिनेटर, आणि साडेतीन कोटींच्या वर माणसं असलेल्या कॅलिफोर्नियालाही दोनच. अल्पमताचं रक्षण आधीच जागावाटपातच झालेलं आहे, त्याच्यावर परत ६० चा अडसर म्हणजे दोन-दोन कुलपं. अशा ४१ जणांच्या मागं देशातली किती माणसं उभी असतील ह्याचा विचार केला तर 'अल्पमताचा आवाज' हे म्हणणं जरा पातळ व्हायला लागतं.

बरं, ह्यात तत्त्वाचा माणूस शोधायला जाल तर सापडणार नाही. २०१३ च्या नोव्हेंबरात डेमोक्रॅटांचे हॅरी रीड, त्यांनी न्यायाधीश आणि अधिकाऱ्यांच्या नेमणुकांपुरतं हे ६० उडवलं. कसं उडवलं ते बघण्यासारखं आहे. नियम रीतसर बदलायला गेलं तर चर्चा बंद करायला दोन तृतीयांश लागतात, म्हणून नियमाला हातच लावला नाही, पीठासीन अधिकाऱ्यानं नियमाप्रमाणं निर्णय दिला आणि बहुमतानं तो निर्णयच फिरवला, ५२ विरुद्ध ४८. झालं. ह्याला तिकडं अणुबाँबचा मार्ग म्हणतात. सुप्रीम कोर्ट तेवढं सोडलेलं, ते २०१७ ला रिपब्लिकनांच्या मॅककॉनलनी उडवलं, गॉर्सच यांची नेमणूक व्हावी म्हणून. त्याच वर्षी दोन्ही पक्षांच्या ६१ सिनेटरांनी पत्रावर सह्या केल्या की बाबांनो कायद्यांपुरतं तरी फिलिबस्टर राहू द्या. त्या सह्यांतलेच कितीतरी डेमोक्रॅट २०२२ च्या जानेवारीत मतदान हक्काच्या विधेयकासाठी त्याला भोक पाडायला तयार झाले, ते पडलं नाही कारण त्यांच्याच पक्षातले जो मॅनचिन आणि कर्स्टन सिनेमा हे दोन सिनेटर आडवे आले. आणि २०२५ ला ट्रम्प स्वतःच्याच पक्षाला म्हणतायत उडवा ते फिलिबस्टर, तर पक्षाचे सिनेटमधले नेते थून म्हणतायत नको. प्रत्येकजण सत्तेत असताना त्याला कुलूप म्हणतो आणि विरोधात गेला की कवच. बाजू बदलली की भाषा बदलते, ह्यात आपल्या लोकांना नवीन काय.

वर आणि पळवाट आहेच. अर्थसंकल्पाशी जोडलेली विधेयकं १९७४ च्या एका कायद्याखाली ६० शिवाय पास करता येतात, म्हणून सगळेजण सगळं त्या एकाच पोत्यात कोंबतात. २०१७ ची करकपात त्यातनं, बायडन यांचा २०२१ चा मदतनिधी त्यातनं, ट्रम्प यांचं २०२५ चं ते भलंमोठं विधेयकही त्यातनंच, ५०-५० झालं आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या मतानं पास. किमान वेतन १५ डॉलर करायचं कलम मात्र २०२१ ला सिनेटच्या नियम-तज्ज्ञ अधिकाऱ्यानं सांगितलं की ह्या पोत्यात बसत नाही, म्हणून बाहेर. करकपातीला ५१ पुरतात आणि मजुरीला ६० लागतात, हे कुठलं लॉजिक.

इथपर्यंत आल्यावर ग्रुपवर दोघातिघांनी लिहिलं, मग टाका की उडवून, आपल्याकडं कुठं आहे, आपलं काय अडलंय?

आपलं काय अडलंय? बसा, सांगतो.

आपली संसद लंडनच्या वळणाची, आणि लंडननं हा प्रश्न १८८१ लाच निकालात काढला, आयरिश खासदारांनी ४१ तास सभागृह चालवत ठेवलं तेव्हा स्पीकरनं बस्स म्हणून मत घ्यायला लावलं आणि तिथनं चर्चा बंद करायचे नियम आले. ते आपण घेतले, गिलोटिनसकट, म्हणजे वेळ संपली की उरलेलं सगळं चर्चेशिवाय एकदम मताला टाकायचं. २०१८ ला आणि २०२३ ला केंद्राच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेत चर्चेशिवाय गिलोटिनखाली गेल्या, अख्ख्या देशाचं बजेट. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत शेतीची विधेयकं आवाजी मतदानानं पास झाली, खाली विरोधक मतविभागणी, म्हणजे मतं मोजून घ्या, मागतायत, गोंधळ चाललाय, आणि वरनं 'हो'वाल्यांचा आवाज मोठा म्हणून पास. मला टीव्हीवर बघताना आमचा मांडवच दिसला, तेवढं राष्ट्रगीत लागायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित. आणि पुढच्या वर्षी, एवढं मोठं आंदोलन झाल्यावर, २९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे मागं घेतले तेसुद्धा चर्चेशिवाय. करताना बोलायचं नाही आणि मोडतानाही बोलायचं नाही. डिसेंबर २०२३ ला तर दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित होते आणि त्याच अधिवेशनात फौजदारीचे तीन नवे कायदे पास झाले.

रीतसर अडवायचा रस्ताच नसला की माणूस बेरीतसर अडवणार. वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांपुढच्या मोकळ्या जागेत, उतरणार, कागद फाडणार, माईक ओढणार. आपल्या विरोधकांचा जो गोंधळ आपण टीव्हीवर बघून शिव्या घालतो तो कुठल्याही पक्षाचा असो, त्याच्या मुळाशी हे आहे असं माझं मत.

आणि गुपचूप अडवणारे आपल्याकडंही आहेतच, फक्त ते सभागृहाच्या बाहेर बसतात. विधान परिषदेच्या राज्यपालनियुक्त १२ जागांची यादी मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२० मध्ये राजभवनावर पाठवली. जून २०२२ ला सरकार गेलं तरी यादी तिथंच. हो नाही, नाही नाही. चोवीस तास बोलायला नको, एक वाक्यसुद्धा बोलायला नको. त्याच काळात दुसऱ्या बाजूनं विधानसभेनं भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित केले, ते सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२२ मध्ये रद्द ठरवलं. बारा तिकडं, बारा इकडं.

तर दोन्ही टोकं बघून झाली. आता परत आबांकडं येतो, कारण त्यांची दुसरी गोष्ट राहिलीय आणि ती सांगितल्याशिवाय हे अर्धं राहील.

आबांच्याच गावात खालच्या वस्तीतनं स्मशानभूमीकडं जायला रस्ता करायचा ठराव ग्रामसभेपुढं आला. रस्ता कुणाच्या बांधावरनं जाणार, तर आबांच्या भावकीच्या. पावसाळ्यात मयत न्यायची म्हणजे गुडघाभर चिखल, हे सगळ्या गावाला माहीत. पण त्या दिवशी आबा आणि त्यांची माणसं चावडीच्या पारावर बसून राहिली, रजिस्टरवर सह्याच केल्या नाहीत. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. भरली नाही. सभा तहकूब. तेच आबा, तोच नेम, बोलायचंसुद्धा कष्ट नाहीत. वकील म्हणत होता ते हेच.

पण पुढं ऐका. तहकूब झालेली ग्रामसभा परत भरते तेव्हा तिला गणपूर्तीचं बंधन नसतं. आठवड्यानं सभा झाली, चाळीसभर माणसं असतील, ठराव झाला. आबांना एक आठवडा मिळाला. तेवढ्यात त्यांना काय समजावायचं, काय तडजोड काढायची ती काढा, मोजणी मागवा, कोर्टात जा. पण कायमचं अडवून ठेवता येणार नाही.

हा नियम ज्यानं लिहिला त्याचं डोकं मला आवडतं. आणि तो एकटा नाही. आपल्या राज्यघटनेचं कलम १९७ बघा, विधान परिषद असलेल्या राज्यांसाठीचं. विधानसभेनं पास केलेलं विधेयक परिषदेला पटलं नाही तर परिषद ते तीन महिने धरून ठेवू शकते, मग विधानसभेनं परत पास केलं की अजून एक महिना, आणि मग संपलं, परिषदेला आवडो न आवडो ते विधेयक पास झाल्यातच जमा. सगळे मिळून चार महिने. इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सलाही १९४९ पासून साधारण वर्षभरच ताणता येतं. म्हणजे उशीर करायचा हक्क, पण नकाराचा नाही.

आणि गंमत म्हणजे अमेरिकेतसुद्धा एकानं हेच सुचवलेलं. आयोवाचे सिनेटर टॉम हार्किन, १९९५ साली. पहिल्यांदा चर्चा बंद करायला ६० च लागू देत, नाही जमलं तर काही दिवसांनी परत मत घ्या, तेव्हा ५७ पुरतील, मग ५४, मग ५१. अडवणाऱ्याला वेळ मिळतो, लोकांपुढं बोंब मारायला संधी मिळते, बहुमतवाल्याला दर पायरीवर विचार करावा लागतो की तडजोड करू का थांबू, पण शेवटी बहुमत म्हणजे बहुमत. हार्किन तेव्हा अल्पमतात होते हे विशेष, म्हणजे स्वतःच्या हातातलं हत्यार बोथट करा म्हणत होते. ७६ विरुद्ध १९ नं फेटाळलं. दोन्ही पक्षांनी मिळून. हत्यार कुणाला सोडवतंय.

तर मला फिलिबस्टर उडवायचं नाहीय आणि आहे तसं ठेवायचंही नाहीय. हार्किनची शिडी लावा, आणि दर पायरीला अडवणाऱ्यांनी आपली माणसं सभागृहात हजर करून दाखवायची. आबांना पान चौतीस वाचू द्या, सगळं वाचू द्या, पण रस्ता झाला पाहिजे. आणि तोच कायदा इकडं आणायचा तर उलट्या बाजूनं आणावा लागेल. मतविभागणी एकानं जरी मागितली तरी घ्यायलाच पाहिजे, आवाजावर उरकायचं नाही, गोंधळ असला तर उद्या घ्या पण घ्या. आणि समजा सभागृहातल्या एक तृतीयांश लोकांनी लिहून दिलं की ह्या विधेयकावर आम्हाला वेळ पाहिजे, तर ते ठरावीक मुदतीसाठी समितीकडं गेलंच पाहिजे, अध्यक्षांच्या मर्जीवर नको. उशीर झाल्यानं कधी कधी बरंच होतं हे आपण बघितलंय, डिसेंबर २०१४ ते मे २०१५ मध्ये भूसंपादनाचा वटहुकूम तीनदा काढला, राज्यसभेत बहुमत नव्हतं म्हणून कायदा होईना, शेवटी ऑगस्टअखेर तो संपू दिला. त्या काळात आमच्या भागातल्या शेतकऱ्यांना बांधावर बसून ह्या विषयावर बोलताना मी ऐकलंय, राज्यसभेचं नाव त्या वर्षी पहिल्यांदाच पारावर निघालं असेल.

उलट उदाहरणही आहे, नाही म्हणत नाही. २९ डिसेंबर २०११ ला राज्यसभेत लोकपालवर रात्री बारापर्यंत चर्चा ताणली, १८७ दुरुस्त्या, एका सदस्यानं प्रत फाडली, आणि मत न होताच सभागृह संपवलं. वेळ काढायचा आरोप कुणावर झाला तर ज्यांचं विधेयक होतं त्या सरकारवरच. कायदा यायला अजून दोन वर्षं गेली. मुदत ठरलेली नसली की असं होतं.

वकिलाला हे सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर तासाभरानं आलं, कोर्टातनं बहुतेक. म्हणाला, अमेरिकेत मॅनचिन-सिनेमा पक्षाविरुद्ध जाऊ शकले कारण तिथं व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडला म्हणून खासदारकी जात नाही, आपल्याकडं १९८५ पासून पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आहे, पक्ष म्हणेल तसंच हात वर करायचा, मग तू चार महिने दे नाहीतर चार वर्षं, त्या वेळात एकाचंही मत बदलणार नाही, मग उपयोग काय. ह्याच्यावर माझं म्हणणं असं की मत आमदाराचं बदलायचं नसतंच, बाहेरच्या लोकांचं बदलायचं असतं, आणि बाहेर हललं की पक्षाचा व्हिपसुद्धा हलतो, शेतीच्या कायद्यांचं तेच झालं, फक्त आधी व्हायच्या ऐवजी वर्षभर रस्त्यावर बसून झालं. वकिलाला हे निम्मं पटलं असावं, कारण त्यानं फक्त अंगठा दाखवला.

डॅलसवाल्याच्या बापानं मात्र शेवटी विचारलं, चार महिन्यांची मुदत म्हणतोस, पण महाराष्ट्रात चार महिने कुणाला मोकळे सोडले तर तेवढ्यात विधेयक आणणारं सरकार तरी जागेवर राहील का? ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी म्हटलं मग दोन महिने करू. तो म्हणाला दीड.